पंगत उठेपर्यंत

१

आमच्या घरात एक नियम आहे, आणि त्याचं कारण विचारायचं नाही हा दुसरा नियम आहे. पहिला नियम असा: आपल्या कार्यालयात जेवायला बसलं की पंगत उठल्याशिवाय उठायचं नाही. पोटात कळ येवो, फोन वाजो, बाहेर कुणी आपल्या गाडीला गाडी घासो, सगळ्यांचं होईपर्यंत बसून राहायचं. लहानपणी एकदा मी मठ्ठा संपवून उठायला गेले, तर गवराआत्यानं माझी वेणी धरून मला खाली बसवलं होतं. "का?" मी विचारलं. "का म्हंजे?" ती म्हणाली. आमच्याकडे याला चर्चा म्हणतात.

कार्यालय म्हणजे मंगल कार्यालय. महाळुंग्याला कंपन्या यायच्या कितीतरी आधी माझ्या आजोबांनी, गेनूआबांनी, ते तळेगाव रस्त्याला बांधलं. आजूबाजूच्या गावांतली निम्मी लग्नं तिथं लागली आणि त्यातली निम्मी टिकली. मग मोठाले लॉन आले, ड्रोन आले, नवरीला पाळण्यातून खाली सोडणारे आले, आणि आमच्या हॉलमध्ये पारवे राहायला आले. शेवटी अण्णांनी, म्हणजे माझे थोरले चुलते अण्णासाहेब यांनी, जागा भाड्यानं दिली. आता तिथं 'लकी बाउल' आहे. चिनी, कोरियन, जपानी, थाई, सगळं एकाच भटारखान्यातून.

मालकानं बदल फारसे केले नाहीत. नवरा-नवरी उभे राहायचे त्या स्टेजवर सुशीचा काउंटर आला. वरपक्षाच्या खोलीत एसी बसवून तिचं फॅमिली सेक्शन केलं आणि वधूपक्षाच्या खोलीवर 'लेडीज' लिहिलं. रंग पातळ मारल्यामुळे जुनी अक्षरं खालून दिसतातच, त्यामुळे बायका अजूनही वधूपक्षातच हात धुतात. छताला लाल कागदी कंदील टांगलेत. टेबलं मात्र अण्णांच्या अटीप्रमाणे पूर्वीसारखीच आहेत. समोरासमोर दोन लांबलचक ओळी, स्टेजपासून थेट भटारखान्याच्या दारापर्यंत. अण्णांची दुसरी अट तुम्हाला कळलीच असेल.

"अण्णा, लोक रेस्टॉरंटमध्ये येतात. पंगतीला नाही," मी म्हणाले.

"जेवायलाच येत्यात ना?"

"हो, पण..."

"मंग पंगतच झाली."

२

मी चाकणच्या एका कोरियन कंपनीत दुभाषी आहे. घरच्यांची अशी समजूत आहे की मी चिनी माणसांना मराठी शिकवते. मी ती दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

'लकी बाउल' सुरू झालं तेव्हा माझ्या टीमची तिथं दुपारची पार्टी झाली. आमचे पार्क साहेब, त्यांच्या हाताखालचे चारपाच कोरियन इंजिनियर आणि मी. जेवण चांगलं होतं. गडबड जेवण झाल्यावर सुरू झाली, खरं तर सुरूच झाली नाही. सगळ्यांच्या प्लेटा रिकाम्या, बिलं दिलेली, आणि कुणी उठेना. शेजारच्या टेबलावरचे कंपनीवाले दात कोरत बसले होते. पलीकडे एक जोडपं भांडून, रुसून, पुन्हा बोलायला लागलं होतं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आणि मग एकदम सगळ्या खुर्च्या मागे सरकल्या. दोन्ही ओळी, एका क्षणी. शाळेत गुरुजी वर्गात आल्यावर व्हायचा तसा आवाज. पुढच्या क्षणी सगळे नेहमीसारखे बोलत, ढेकर देत, गाडीच्या चाव्या शोधत बाहेर पडले. माझ्या लक्षात आलं की मीही उभी आहे.

संघर्ष हा तिथला मॅनेजर. बीडकडचा. नाव संघर्ष असलं तरी कुणाशी वाद घालताना मी त्याला पाहिलेलं नाही.

"हे काय होतं?" मी त्याला विचारलं.

"पंगत उठली मॅडम."

"पण सगळ्यांना कळलं कसं?"

"उठली की कळतंच की." तो खूश होता. "आपल्याला तर लई सोपं पडायलंय. टेबलं एकदाच पुसायचे. बाहेर रांग लागती, लोक रांगेचे फोटो काढायलेत."

मी विज्ञानाची पदवीधर आहे. मी विचार केला आणि कारण शोधून काढलं: शिफ्ट. चाकणमध्ये सगळंच शिफ्टवर चालतं, झोप, भांडण, लग्नाची बोलणी. इथल्या माणसांच्या अंगातच भोंगा बसलाय. हे कारण मला इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी मी ते डब्याच्या वेळी सगळ्यांना ऐकवलं.

दुसऱ्या गोष्टीला कारण शोधायला जरा जास्त वेळ लागला. कोरियन लोकांत वडीलधाऱ्यांसमोर प्यायचं असेल तर त्यांच्याकडून तोंड वळवून पितात. अदब म्हणून. आमच्या टेबलावर पार्क साहेब सगळ्यांत मोठे, तेव्हा बाकीच्यांनी बिअरचा घोट घेताना त्यांच्याकडून तोंड वळवायला हवं होतं. ते सगळे स्टेजकडे तोंड वळवत होते. स्वतः पार्क साहेबसुद्धा. ज्यांच्यासाठी वळवायचं, तेच वळवत होते.

"सर, तुम्ही कुणासाठी?" मी हळूच विचारलं.

त्यांना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "ज्येष्ठ बसल्यात ना," ते भटारखान्याच्या बाजूला किंचित मान झुकवून म्हणाले.

मी वळून पाहिलं. मध्ये खांब होता. पण भटारखान्याच्या दाराशी पहिल्यापासून गेनूआबांचा फोटो आहे, हार घातलेला, हे मला ठाऊक होतं. म्हणजे हे परदेशी लोक माझ्या आजोबांचा मान राखत होते. मला भरून आलं. कोरियन भाषेत 'बसल्यात' म्हणताना बाई की पुरुष ते कळत नाही, त्यामुळे तिकडे माझं लक्ष गेलं नाही.

घरी सांगितलं तर अण्णांची छाती फुगली. आत्या गप्प बसली. आमच्या घरात आत्या गप्प बसणं ही मोठी बातमी असते, पण त्या दिवशी मी माझ्याच आनंदात होते.

३

पावसाळा संपला आणि कंपनीनं मला वर्षभरासाठी कोरियातल्या कारखान्यात पाठवायचं ठरवलं. घरी कुणी 'नाही' म्हटलं नाही. आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. अण्णा "बघू" म्हणाले. आत्या "तिथं भाकरी मिळती का?" म्हणाली. एक स्थळ येऊन गेलं, मी त्याला चहा दिला नाही, ते परत गेलं. मग माझा व्हिसा आला आणि घरात सगळे अचानक गोड वागायला लागले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

"जा की," अण्णा म्हणाले. "कोण आडवतंय? पर जेवून जा. रविवारी दुपारी आपल्याच कार्यालयात समदी जेवू, हितूनच गाडीत बस."

कंपनीची गाडी माझ्याबरोबरच्या लोकांना घेऊन मुंबईच्या विमानतळाकडे जाणार होती आणि 'लकी बाउल' रस्त्यातच होतं. माझी वेळ चुकली तर ती थांबणार नव्हती. राखीव म्हणून सांगवीच्या मोनिकाचं नाव होतं, तिचाही व्हिसा तयार होता, आणि गेले काही दिवस ती मला रोज सकाळी 'तब्येत कशी आहे' असा मेसेज करत होती.

बाबांनी त्या रविवारी मुद्दाम ओव्हरटाइम घेतला. ते घरातल्या वादांत असंच मत नोंदवतात.

४

आम्ही चौघं बसलो. अण्णा, गवराआत्या, आई आणि मी. स्टेजजवळच्या टोकाला, घरची माणसं म्हणून. माझी बॅग टेबलाखाली आईच्या पायाशी. हॉल गच्च भरला होता. समोरच्या ओळीत पार्क साहेब बायकोला घेऊन आले होते. त्यांनी मला मान लववून शुभेच्छा दिल्या.

आत्यानं मेन्यूकार्ड उलटं धरून वाचलं आणि मिटवलं. मोमो आले, तिनं त्यांना उकडीच्या करंज्या ठरवलं आणि पर्समधून ठेच्याची डबी काढली. रामेन आलं. "शेवयांचं कालवण हाय," तिनं आईला समजावलं. किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, तिला मनापासून आवडली. चॉपस्टिकनं तिनं पाठ खाजवली.

अण्णांसमोर सुशी होती. "भात गार हाय," ते म्हणाले.

"तो गारच असतो, अण्णा."

"आन वर मासा कच्चा."

"तो कच्चाच असतो."

"मंग ह्यात आचाऱ्यानं केलं काय?"

मी हसले. खरंच मजा येत होती. म्हणून मला वेळेचं भान जरा उशिरा आलं. ड्रायव्हरचा फोन आला की गाडी दारात लागलीय, पाचदहा मिनिटं थांबतो. मी चमचा ठेवला.

"दोन करंज्या घे अजून," अण्णा म्हणाले.

"झालं माझं."

"पोरीला वाढा रे."

प्लेट भरली. मी खाल्लं, फोन बघितला. पुन्हा भरली. आग्रह हा आमच्याकडचा सगळ्यांत सभ्य दोरखंड आहे. मी मान वर केली तेव्हा बाकी सगळा हॉल जेवून बसला होता. प्लेटा रिकाम्या, हात मांडीवर. पार्क साहेबांनी चॉपस्टिक्स आडव्या ठेवल्या होत्या आणि चांगल्या घरातल्या माणसासारखे वाट बघत होते.

मी टेकून बसले आणि समोर पाहिलं. सुशीच्या काउंटरवर गेनूआबांचा फोटो होता. निळ्या लाइटांचा हार घातलेला.

"आबांचा फोटो इथं कधी आणला?"

"रंग दिला तवाच," अण्णा म्हणाले. "धूर लागत व्हता तिकडं."

म्हणजे पार्टीच्या दिवशीही तो इथंच होता. म्हणजे कोरियन लोक आबांच्या फोटोकडे तोंड करून पीत होते. त्यांची पाठ दुसऱ्याच टोकाला होती.

५

रामेन खाताना सगळेच भुरके मारतात, त्यामुळे इतका वेळ मला तो वेगळा ऐकू आला नव्हता. आता हॉल शांत होता आणि एकच भुरका उरला होता. भटारखान्याच्या बाजूनं, खांबापलीकडून. थोडा वेळ थांबायचा, पुन्हा यायचा. चवीनं खाणाऱ्याचा भुरका लांबतो. हा तोकडा होता. गरम आहे, जीभ भाजतेय, तरी ओढायचं, कारण निघायचंय, असा.

मी स्वतःला सांगितलं की कुणीतरी उशिरा आलेलं गिऱ्हाईक असेल. मग आठवलं की पंगत बसल्यावर इथं दार लावून घेतात. मग स्वतःला सांगितलं की आचारी असेल. आचारी काउंटरवर उभा राहून काकडी कापत होता, मला दिसत होता. तिसरं काही सांगायच्या आत संघर्ष हातात वाफाळतं बाउल घेऊन माझ्या पाठीमागून त्या बाजूला गेला. रिकाम्या हातानं परत आला. मी त्याची बाही धरली.

"तिकडं कोण आहे?"

"शेवटचं पान हाय मॅडम."

"पान म्हणजे? माणूस कोण आहे?"

"मी खाली बघून वाढतो. आपल्याला पगार वाढण्याचा हाय, बघण्याचा न्हाई."

"आणि त्यांचं झालं की पंगत उठते?"

"व्हय. एरवी पंगतीला एकदाच वाढायचं असतंय. ते बाउल झालं की उठती." त्यानं अण्णांकडे बघितलं आणि आवाज आणखी उतरवला. "आज अण्णासाहेब म्हणाले, तिथलं बाउल रिकामं होऊ देऊ नको. मी वाढायलोय आपला."

फोन थरथरला. ड्रायव्हर. मग लगेच मोनिका: 'निघालीस का? की मी बॅग भरू? हा हा.'

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्याआधी राग पोचला होता. खांबापलीकडे कोण बसलंय हे मला माहीत नव्हतं. अण्णांना माहीत होतं, आणि ते त्या पानाला माझ्या दाराची कडी म्हणून वापरत होते. इतकंच नाही तर तोंड पुसून, गोड बोलून, गार भाताला नावं ठेवत.

"अण्णा, तिकडं कोण बसलंय?"

"जेव गपगुमान."

"कोण आहे?"

"पानावर बसून वाद घालू न्हाई."

"गाडी निघून जाईल."

"मंग जाईल. गाड्या काय, रोज जात्यात." त्यांनी मिशी पुसली. "आमी न्हाई म्हनलंय का? जेवून जा, एवढंच म्हनलंय."

आत्या ठेच्याची डबी उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती. त्या डबीकडे बघतच ती बोलली.

"आमची थोरली बहीण बी अशीच घाईत व्हती."

"गवरे," अण्णा म्हणाले.

"कॉलेजला नंबर लागला व्हता तिचा. यष्टी गाठायची व्हती. आबा म्हनले, जेवून..."

"गवरे, गप."

खांबापलीकडे भुरका थांबला. सगळ्या हॉलमध्ये माणसं खुर्चीच्या कडेला सरकली, उठायच्या बेतात. संघर्ष लगबगीनं दुसरं बाउल घेऊन गेला. भुरका पुन्हा सुरू झाला आणि माणसं पुन्हा टेकून बसली. तक्रार कुणाचीच नव्हती. एका बाईनं जांभई दिली.

६

मी खुर्ची मागे कलती केली. उठले नाही, नुसती कलले. ओळीतली सगळी माणसं टेकून बसल्यामुळे टेबलाच्या कडेनं सरळ शेवटपर्यंत नजर जात होती. खांबानं तिचं तोंड झाकलं होतं, त्यासाठी मी त्या खांबाची आजही आभारी आहे. टेबलावर बाउल होतं, आणि बाउलात हात.

म्हातारा हात होता. पातळ, सुरकुतलेला, सांडग्यासारखा वाळलेला. शेवया बोटांनी उचलत होता. मनगटावर बायकी घड्याळ होतं, चावीचं, पट्टा इतका सैल झालेला की ते कोपराकडे घरंगळत होतं. हातानं घास वर नेला. भुरका आला. मग मनगट उलटं झालं, घड्याळ वर आलं, क्षणभर तसंच राहिलं. वेळ बघितली. मग घाईनं पुढचा घास. मग पुन्हा मनगट उलटं.

माझ्या उजव्या हातात चमचा होता आणि डाव्या हातात फोन. मी इतका वेळ नेमकं हेच करत होते. घास, फोन, घास, फोन.

मी दोन्ही खाली ठेवलं.

"अण्णा, उठल्यावर काय होतं?"

"कशाचं?"

"पंगतीतून मधेच उठलं की. काय होतं?"

अण्णांनी आत्याकडे बघितलं. आत्यानं आईकडे. मला तेव्हा जे कळलं ते खांबापलीकडच्या हातापेक्षा वाईट होतं. त्यांना माहीतच नव्हतं. कुणीच कधी उठलं नव्हतं.

"वंगाळ असतंय ते," अण्णा शेवटी म्हणाले. "बस. अजून दोन..."

"नको."

"दोनच घास."

"नको म्हटलं, अण्णा. मला नको."

मी उठले. भरल्या हॉलमध्ये एकट्या खुर्चीचा आवाज किती मोठा होतो याची मला कल्पना नव्हती. सगळी तोंडं माझ्याकडे वळली. पार्क साहेबांनी नजर खाली घातली. मी वाट बघितली, छत कोसळायची, दिवे जायची, निदान कुणीतरी वेणी धरायची. काही झालं नाही. फक्त अण्णांचा आवाज चढला.

"तेजल, खाली बस. चारचौघांत शोभा करू नको. आमी म्हातारी माणसं सांगतोय, तुझ्या चांगल्याचंच सांगतोय. भरल्या पानावरनं उठती होय? हेच शिकवलं का तुला? अगं, घरच्या रीतीला काय..."

"घरच्या रीतीला काय मान हाय का न्हाई," आत्याही सुरू झाली, "आमी बसलो न्हाई का जन्मभर? आमाला काय झालं? बस गं बाई, बस, लोकं बघत्यात..."

दोघं एकदम बोलत होते. अण्णा कुळाबद्दल, आत्या लोकांबद्दल. टेबलाखाली काहीतरी माझ्या पायाला लागलं. मी वाकून पाहिलं. आई समोर बघत होती, अगदी सरळ, आणि पायानं माझी बॅग माझ्याकडे ढकलत होती.

मी बॅग खांद्याला लावली. दार डावीकडे होतं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न देत होता. नुसतं निघून गेले असते तरी चाललं असतं, पण मला ते मनगट दिसत होतं. आता ते बाउलाच्या वर थांबलं होतं, घड्याळ वर करून.

"बसणार नाही," मी अण्णांना म्हणाले. मग खांबाकडे वळून, आवाज मुळीच न उतरवता, जशी बसमध्ये एखाद्या बाईशी बोलेन तशी बोलले. "आणि अहो, तुम्हीही उठा आता. किती वेळ जेवताय. गाडीत एक जागा आहे."

अण्णा आणि आत्या अजून बोलतच होते. त्या टोकाची खुर्ची हळूच मागे सरकली, आणि दोघं वाक्याच्या मध्यात गप्प झाले.